पाठीची प्लेट

धनराज निखाडेच्या खांद्यातून निघालेला तुकडा करंगळीच्या नखाएवढा होता. वीसेक वर्षं तो माणसाच्या मांसात राहिला, पण गंजला नाही, काळा पडला नाही, झिजला नाही. टायटेनियमचं असंच असतं. झिजतो तो माणूस.

डॉक्टरांनी तो औषधाच्या रिकाम्या डबीत घालून धनराजच्या हवाली केला होता आणि धनराजने ती डबी उशाखाली पुतणीसाठी राखून ठेवली होती. तुकड्याभोवती धरलेली गाठ डॉक्टरांनी काढली खरी, पण तिची मुळं फुप्फुसात पोचली होती. दिवाळी निघाली तर नशीब, असं त्यांनी वैदेहीला वॉर्डाबाहेर हळूच सांगितलं.

वैदेहीने काकाला शेवटचं पाहिलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. तो तिला एका हाताने उचलून खांद्यावर बसवायचा. आता कॉटवर त्या खांद्याला पट्टी होती आणि चादरीखाली माणूस आहे की नाही, असं वाटावं इतका तो वाळला होता.

"बापावर गेली तू," तो म्हणाला. "कपाळ तेच. वहिनीले माहीत हाय का तू आली म्हणून?"

"नाही काका. अजून सांगितलं नाही."

"बरं केलं." त्याने डबी तिच्या हातात दिली. "हे घे. त्या दिवसाची एवढीच वस्तू माह्याजवळ राह्यली होती. कोणाले काढून देता येत नव्हती." स्वतःच्याच विनोदावर तो हसला आणि हसता हसता खोकत राहिला. मग श्वास जमवून म्हणाला, "पेपरात वाचलं तुह्या मशीनबद्दल. धातूले विचारते म्हणे, कसा स्फोट झाला ते. मंग याले विचार. मी मीटर लावला, त्यानंच दादा गेला का? सारे तसंच म्हणतात. कोर्टात मीबी तसंच म्हणलो. पण एक कुसळ मनात राह्यलं. मीटरचा करंट लई बारीक असते बाई. त्यानं डेटोनेटर उडाले नाई पाह्यजे."

"आणि उडाला असेल तर?"

"तं उडाला. तसं समजून मरतो. पण न समजता मराचं नाई मले."

वैदेहीने डबी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. मरणाऱ्या माणसाने काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही तेच जाणून घ्यायचं होतं. ती या शास्त्रात शिरली ती काही हौस म्हणून नव्हे.

हेमराज आणि धनराज हे दोघे भाऊ नागपूरपलीकडच्या माळावर एका कारखान्यात शॉटफायरर, म्हणजे स्फोटाला बत्ती देणारे, होते. नाव ऐकून माणसं दचकत, पण तिथे बॉम्ब बनत नसत. तिथे स्फोटाने धातू जोडत. पोलाद आणि टायटेनियम यांचं आगीने कधी जमत नाही. वितळवून जोडायला गेलं तर सांधा काचेसारखा फुटतो. म्हणून माळावरच्या खड्ड्यात पोलादाची जाड प्लेट आडवी घालायची, तिच्यावर बोटभर अंतर सोडून टायटेनियमचा पत्रा अंथरायचा, आणि पत्र्यावर स्फोटक भुकटीचा सारखा थर पसरायचा. एका कोपऱ्यात डेटोनेटर. बत्ती दिली की स्फोट त्या कोपऱ्यातून सरकत सरकत दुसऱ्या टोकाला जातो आणि त्याच्याखाली पत्रा पोलादावर असा आदळतो की दोघांचे थर एकमेकांत गुंतून जातात. पुन्हा पाचर घालूनही वेगळे होत नाहीत. कारखान्यात याला लग्न लावणं म्हणत. "आज दोन लग्नं हायेत," असं सांगून हेमराज घरून निघायचा आणि लहानगी वैदेही विचारायची, "जेवण काय आहे?"

खड्ड्यात लोखंडाचं हत्यार न्यायचं नाही, हा तिथला पहिला कायदा. लोखंड टायटेनियमला घासलं की ठिणगी पडते. म्हणून भुकटी सारखी करायला, ढेकळं फोडायला हेमराजजवळ स्वतःचं पितळेचं खुरपं होतं. त्याच्या वडिलांनी, म्हणजे वैदेहीच्या आजोबांनी, ते तांबटाकडून घडवून घेतलं होतं.

अपघात झाला तो खंडेनवमीचा दिवस होता. हत्यारांची पूजा, कारखाना बंद. पण एक प्लेट राहिली होती आणि ट्रक दाराशी उभा होता, म्हणून दोघा भावांना बोलावणं आलं. एकच लग्न, तासाभरात परत येऊ, असं म्हणून गेले. धनराज मातीच्या बांधामागे वायरचं टोक घेऊन बसला. हेमराज खड्ड्यात होता. नियमाप्रमाणे त्याने वर यायचं, शिट्टी द्यायची आणि मगच धनराजने मीटर लावून वायर तपासायची. पण थोरला भाऊ खालून ओरडला, "लाव मीटर, मी आलोच!" थोरल्याचा शब्द कधी मोडला नव्हता, तो त्या दिवशी तरी कसा मोडणार? धनराजने मीटर लावला, मान उचलून बांधावरून पाहिलं, आणि माळ उडाला.

शुद्धीवर आल्यावर धनराज सगळ्यांना एकच सांगत राहिला, की दादा आत असताना मी मीटर लावला. कबुली मिळाल्यावर तपास करणाऱ्याला आणखी काय हवं? शिक्षा झाली, लायसन्स गेलं. सुटून आल्यावर तो आधी वहिनीच्या दारात आला. ज्योत्स्नाबाईंनी त्याला उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि म्हणाल्या, "भावानंच भाऊ खाल्ला. पुन्हा या दारात पाय ठेवू नका." तो पाया पडायला वाकला होता तसाच मागे वळला. पुढची सगळी वर्षं त्याने उमरेडला एका टपरीत पाण्याच्या जळक्या मोटारींत नवी तार भरण्यात काढली. लग्न केलं नाही.

वैदेहीने आईला तुकड्याबद्दल दवाखान्यातून आली त्याच दिवशी जेवताना सांगितलं. ज्योत्स्नाबाईंचा घास हातातच राहिला.

"कायले करून राहिली हे?" त्या म्हणाल्या. "कोळसा उगाळावा तितका काळाच."

"काका मरायला टेकलाय आई."

त्या ताट पुढे सारून उठल्या आणि शिलाईच्या मशीनवर जाऊन बसल्या. पण दोन दिवसांनी, ब्लाऊजला काजं करता करता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "झालं का तुह्या मशीनचं?" मग दर एक-दोन दिवसांनी तोच प्रश्न येऊ लागला, आणि प्रत्येक वेळी मान खालीच.

मशीनचं नाव आघातवाचक. शास्त्रज्ञांना नावं ठेवायची हौस भारी, पण हे नाव मात्र नेमकं होतं. धातूला सावकाश दाबलं तर त्याच्या आतले थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून घसरतात. पण स्फोटाचा आघात इतका वेगवान असतो की घसरायला सवडच मिळत नाही. मग अणूंच्या रांगाच्या रांगा एका दमात उलटतात आणि आरशातल्या प्रतिमेसारख्या शेजारी उभ्या राहतात. त्यांना जुळे स्फटिक म्हणतात. टायटेनियममध्ये ते भरभरून होतात आणि भट्टीत लाल होईपर्यंत तापवल्याशिवाय पुसले जात नाहीत. माणसाच्या अंगातल्या उबेची त्यांच्यापुढे काय मातब्बरी? हे मशीन तुकड्याच्या आरपार किरण सोडून एकेक जुळं मोजतं, त्याचा कल पाहतं आणि उलटा हिशेब करत सांगतं, की लाट कुठून आली, किती जोराची होती आणि तिच्या आधी काय घडलं होतं. जुने स्फोट आता नव्याने वाचता येऊ लागले होते. दोषी ठरलेल्या माणसाने अर्ज केला तर खटला परत उघडायचा, असा कायदाही नुकताच झाला होता.

धातूची आणखी एक खोड वैदेही नव्या मुलांना शिकवताना कॅरमच्या सोंगट्या मांडून दाखवायची. एका रांगेत चिकटून ठेवलेल्या सोंगट्यांपैकी पहिलीवर स्ट्रायकर मारा. मधल्या जागच्या हलत नाहीत, शेवटची उडते. प्लेटचंही तसंच. स्फोट पुढून होतो, दाबाची लाट आरपार निघून जाते, आणि मागच्या मोकळ्या पृष्ठभागावर पोचली की पुढे जायला काही नसल्यामुळे ओढ बनून उलटी फिरते. धातू दाब कितीही सोसेल, ओढ नाही सोसत. म्हणून घाव पुढे बसतो आणि तुकडा मागून उडतो. यावर उपाय एकच. प्लेटला घट्ट चिकटून मागे दुसरी एक प्लेट ठेवायची. लाट तिच्यात जाते, तुकडा तिच्यातून उडतो, खरी प्लेट वाचते. त्या दुसऱ्या प्लेटचं पुढे काय झालं, हे कोणी विचारत नाही. प्रयोगशाळेत आणि माळावर, दोन्हीकडे तिला पाठीची प्लेट म्हणत.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी निकाल आला.

तुकड्याच्या एका अंगावर ठोकून उमटवलेल्या आकड्याची अर्धी गोलाई दिसत होती. पत्र्याच्या बरोब्बर मध्यावर ऑर्डरचा आकडा ठोकायची त्या कारखान्यात रीत होती, म्हणजे हा तुकडा मधलाच. आता स्फोट कोपऱ्यातल्या डेटोनेटरने झाला असता, तर मध्यावर पोचेपर्यंत लाट तिरकी सरकत आली असती. इथे ती सरळ वरून खाली उतरली होती. लाट सरळ फक्त एकाच ठिकाणी उतरते, जिथे स्फोटाचा जन्म होतो तिथे.

मीटरची वायर कोपऱ्यात होती. स्फोट मधोमध झाला होता.

वैदेहीने हिशेब पुन्हा करून पाहिला. मग खुर्चीत मागे रेलली आणि एकटीच मोठ्याने हसली. चोर सोडून संन्याशाला फाशी! काकाने हात लावला तो मीटर आणि बाबांचा मृत्यू यांचा काडीचा संबंध नव्हता. लहानपणापासून आपल्या घरावर बसलेली ती धोंड आता उचलता येईल, आधी आईला सांगू आणि मग आईला घेऊनच काकाकडे जाऊ, इथपर्यंत तिचे बेत झाले.

निकालाची शेवटची ओळ तिने त्यानंतर वाचली. आकड्याच्या कडेला एक बारीक खोच होती. ती सावकाश बसलेल्या घावाची होती, कारण तिथले थर घसरले होते आणि जुळे स्फटिक त्या घसरलेल्या थरांच्या डोक्यावर उभे होते. म्हणजे आधी खोच, मग स्फोट. आणि खोचेत लोखंड होतं. त्या काळच्या तपासात लोखंडाचे कण सापडले असतील, तरी त्यांना कोणी विचारलं नसतं, कारण खाली पोलादच होतं. पण हे लोखंड पत्र्याच्या वरच्या अंगाला होतं, भुकटीच्या बाजूला.

बाबा तर खड्ड्यात लोखंडाची टाचणी नेऊ देत नसत. मग हे आलं कुठून? वैदेही त्याच विचारात घरी आली आणि आईला उद्या सगळं नीट सांगू, असं म्हणून झोपली.

सकाळी उठून बाहेर आली तर ज्योत्स्नाबाई चिंच घेऊन पितळेचं खुरपं घासत बसल्या होत्या. चौरंगावर विळी, कातर, शिलाई मशीनचं तेलाचं बुधलं, वैदेहीच्या स्कूटरची किल्ली, सगळं मांडून झालं होतं. मध्ये जागा रिकामी होती ती खुरप्याची. त्यांनी ते धुऊन पुसून ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि दर वर्षी म्हणत तेच म्हणाल्या.

"त्या दिवशी पूजेत होतं म्हणून हे तरी राह्यलं. तुहे बाबा न्याले आले होते. मी हातावर चापट मारली. म्हणलं, पूजेतलं हत्यार आज उचलत नाई, उद्या सोनं लुटून झालं का घ्या. हसले अन् गेले तसेच रिकाम्या हातानं." त्यांनी खुरप्याला हात जोडले. "नाई तं हेही गेलं असतं त्यांच्यासंगं."

ही गोष्ट वैदेहीने जाणती झाल्यापासून दर खंडेनवमीला ऐकली होती. तिला ती चापटही आठवत होती, बाबांनी हात झटकून केलेलं खोटं "आई गं" आठवत होतं. या गोष्टीत काही आहे, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आता ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

"का झालं गं?"

"काही नाही. उपाशीपोटी चक्कर आली."

"मंग चहा घे ना बापा," आई म्हणाली आणि लगबगीने उठली.

दुपारी ती काकासमोर बसली तेव्हा तिचं ठरलं होतं, अर्धंच सांगायचं.

"काका, मीटरने नाही झालं. मशीनने सांगितलं. खात्रीने."

धनराजने चांगला हात तोंडावर धरला आणि लहान मुलासारखा रडला. शेजारच्या कॉटवरचे आजोबा उठून बसले, नर्स डोकावून गेली. वैदेही त्याचे पाय चेपत राहिली.

"दादा गेला तो माह्या हातानं नाई," तो शेवटी म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला, चव घेतल्यासारखं. मग डोळे पुसले. "मंग कायनं झालं?"

"ते नक्की कळत नाही. सुरुवात मधोमध झाली एवढंच दिसतं."

पण माणूस जुना शॉटफायरर होता. "मधोमध म्हणजे दादाच्या हाताखाली," तो म्हणाला. "भुकटी सादळली होती त्या दिवशी. ढेकळं फोडत होता." त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. "लोखंड निघालं का पोरी?"

वैदेहीला खोटं बोलता आलं नाही. तिने मान हलवली.

"सोमाजी माळी!" धनराज एकदम म्हणाला. "कारखान्याच्या बागेतला. कोर्टात साक्षीले आला अन् जजसायबाले म्हणते, माहं खुरपं त्या दिवसापासून हरपलं हाय, ते भरून द्या. सारं कोर्ट हासलं. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून मीबी हासलो." तो थांबला. "दुकान बंद, स्टोअरले कुलूप, सारी हत्यारं पूजेत. दादानं माळ्याचं घेतलं असन. पण दादाजवळ तं त्याचं सोताचं पितळी..."

वाक्य तिथेच तुटलं. खिडकीतून कुठल्यातरी दुकानातली पूजेची घंटा ऐकू येत होती.

"खंडेनवमी होती," तो हळूच म्हणाला. "अजून घासते का वहिनी ते?"

"आज सकाळीच घासलं. बाबा न्यायला आले तेव्हा हातावर चापट मारली, तेही पुन्हा सांगितलं."

वैदेहीने पर्समधून अर्ज काढला. "तुम्ही सही करा, काका. बाकीचं मी बघते. खटला परत उघडेल, तुमच्या नावावरचा डाग जाईल."

"अन् कोणावर जाईन?"

तिने पुढे केलेलं पेन मागे घेतलं.

"आधी दादावर. पेपरात येईन, का मयतानंच लोखंड नेलं. मंग वहिनी तो पेपर वाचन. तिले किती वेळ लागन समजाले? एका चापटीचं तं काम." त्याने अर्ज तिच्या हातातून घेतला, नीट घडी केली आणि तिच्या पर्सवर ठेवला. "पाठीची प्लेट कायले ठेवतात, शिकवत असशीन ना पोराहिले?"

"काका, नका ना."

"वहिनीच्या मागं कोण हाय? कोणीच नाई. हे तिच्यापर्यंत पोचलं का तुकडा तिच्यातूनच उडन. माह्यात थांबू दे. मले आदत हाय."

"पण तुम्ही निर्दोष आहात!" ती जवळजवळ ओरडलीच. तिला त्याचा राग आला होता, आईचा आला होता, आणि सगळ्यात जास्त त्या मशीनचा. "सगळं आयुष्य गेलं तुमचं."

"ते गेलंच. सही केल्यानं वापस येते का?" तो म्हणाला. "मले समजलं, झालं. मी तेवढंच मागितलं होतं. साऱ्या जगाले समजून काय लोणचं घालाचं हाय? जा आता. वहिनी वाट पाहत असन."

वहिनी खरंच वाट पाहत होती. शिलाई मशीन पूजेत असल्यामुळे हाताला काम नव्हतं, म्हणून ज्योत्स्नाबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. वैदेहीने चपला काढायच्या आत त्यांनी विचारलं, आणि या वेळी मान वर करून विचारलं, "निघालं का काही?"

"नाही आई. तुकडा फार लहान होता. मशीनला काही कळलं नाही."

"काहीच नाई?"

"नाही."

ज्योत्स्नाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मले वाटे, तुहं मशीन म्हणन का त्याचा दोष नव्हता," त्या म्हणाल्या. "रोज इच्यारत होती मी तुले, ते कायले इच्यारत होती? राग धरून धरून थकली मी बाई. तो उंबऱ्यात वाकला होता, ते डोयापुढून जात नाई. मशीननं म्हणलं असतं तं लई सोपं झालं असतं. गेली असती, हात जोडले असते, म्हणलं असतं चुकलं माहं." त्यांनी मोठा श्वास घेतला. "आता तसं नाई. आता दोष त्याचाच हाय, असं धरूनच जा लागन."

शब्द वैदेहीच्या ओठांपर्यंत आले होते. तिने तोंड उघडलंही. समोर चौरंगावर खुरपं लखलखत होतं आणि त्याच्यावरचं झेंडूचं फूल थोडं सुकलं होतं. ती आत जाऊन पाणी प्यायली आणि बराच वेळ ओट्याशीच उभी राहिली.

दसऱ्याला सकाळी ज्योत्स्नाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून वॉर्डात शिरल्या. हातात पुऱ्यांचा डबा, काखेत पिशवी. दाराशी त्यांची पावलं अडखळली, कारण चादरीखालचा माणूस त्यांना ओळखू आला नाही. मग त्या सरळ कॉटपाशी गेल्या.

"भाऊजी."

धनराजने डोळे उघडले. वहिनी दिसताच तो उठायची धडपड करू लागला. तिच्या पायांपर्यंत त्याचा हात पोचेना. त्यांनीच तो हात धरला आणि त्यात आपट्याची पानं ठेवली.

"सोनं घ्या. आधी माहं आयकून घ्या, नाई तं मले जमणार नाई." त्यांनी पदर सावरला. "लई वर्षं तुमच्यावर राग धरला. तुमच्या हातून जे झालं ते झालं. मी तुम्हाले माफ केलं भाऊजी. मनापासून केलं."

वैदेही त्यांच्या मागे उभी होती. धनराजने आईच्या खांद्यावरून एकदाच तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिला जन्मभर पुरणार होती. त्यात राग नव्हता, उपहास नव्हता, तू गप्प राहा एवढंच होतं. मग त्याने पानांसकट दोन्ही हात जोडले.

"उपकार झाले वहिनी," तो म्हणाला.

त्याच्या डोळ्यांतून धार लागली. ज्योत्स्नाबाईंनी पदराने ती पुसली. मग पिशवीतून पितळेचं खुरपं काढलं. हळदीने ते अजून पिवळं होतं.

"त्यांचं हे एवढंच राह्यलं. पूजेत होतं म्हणून वाचलं. आता तुमच्यापाशी असू द्या."

धनराजने खुरपं दोन्ही हातांनी घेतलं. दादाच्या मुठीने गुळगुळीत झालेल्या मुठीवरून अंगठा फिरवला आणि ते कपाळाला लावलं. "बरं झालं वाचलं ते," तो म्हणाला.

"रडू नका आता," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "तुम्ही काही मुद्दाम केलं होतं का?"

"नाई वहिनी." खुरपं त्याने छातीशी धरलं होतं. "मुद्दाम कोणीच नाई केलं."

ज्योत्स्नाबाईंनी मान हलवली, डब्याचं झाकण काढलं आणि पुरीचा लहानसा घास मोडून त्याच्या तोंडापुढे धरला.